कागदावर १९५९, पत्र्यावर १९५७, इंजिन त्याहून धाकटं: सापडलेल्या जुलिएत्ता स्पायडरचा जन्मदाखला कसा शोधायचा

साधारण दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या फोनवर तोच फोटो येतो. गॅरेज वेगळं असतं, धूळ वेगळी असते, पण टायर तसेच बसलेले, कापडी हूडच्या तशाच चिंध्या, आणि पुढे अल्फा रोमिओची ती ढालीच्या आकाराची जाळी. खाली मजकूर: "दादा, घर घेतलं त्याच्या मागच्या शेडमध्ये ही निघाली. कागदावर १९५९ आहे. एक जण नंबर बघून १९५७ म्हणाला. दुसरा इंजिन बघून म्हणाला, ६२ च्या आधीची असूच शकत नाही. गाडी खोटी तर नाही ना?"

खोटी बहुधा नसते. मी मूळचा पुण्याचा, गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत जुन्या इटालियन गाड्यांच्या कामात आहे, आणि खरोखर खोट्या म्हणाव्यात अशा गाड्या मी पाहिल्या त्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी ठिकाणी गडबड एकच असते. चार वेगळ्या प्रश्नांची चार खरी उत्तरं समोर असतात आणि माणूस ती एकाच रकान्यात कोंबायला बघतो. दर वेळी फोनवर तासभर तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

उदाहरणाला जुलिएत्ता स्पायडर, म्हणजे अल्फा रोमिओची छोटी उघडी गाडीच घेतो, कारण ती या देशात ढिगाने आली. १९५५ पासून १९६२ पर्यंत अल्फाने या स्पायडर सतरा हजारांच्या आसपास बनवल्या. गाडीचा जन्मच मुळी अमेरिकन गिऱ्हाइकासाठी. न्यूयॉर्कचा आयातदार मॅक्स हॉफमन याने मिलानच्या अल्फा कंपनीकडे उघड्या गाडीचा तगादा लावला, बेर्तोने आणि पिनिन फारिना या दोघा बॉडीवाल्यांनी नमुने केले, आणि पिनिन फारिनाचा पास झाला. पुढे ही गाडी जुनी आणि स्वस्त झाली तेव्हा कॉलेजच्या पोरांनी ती दामटली. इंजिन बसलं की दुसऱ्या अल्फाचं काढून लावलं. ते लागायचंही, कारण अल्फाचं ते अॅल्युमिनियमचं ट्विन-कॅम इंजिन पुढच्या कितीतरी मॉडेलांत थोडं थोडं वाढत एकाच घराण्यात राहिलं. मग गाडी शेडमध्ये गेली आणि मालक म्हातारा झाला.

आधी हात लावू नका

पहिला सल्ला सगळ्यांना नकोसा वाटतो: गाडी धुऊ नका. पाण्याचा पाइप बाजूला ठेवा. किल्लीही फिरवू नका, पण तो विषय वेगळा.

२०१४ मध्ये पश्चिम फ्रान्समध्ये बायों कुटुंबाच्या शेडांत साठेक गाड्या सापडल्या. त्यात एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, एके काळी नट आलँ देलॉं याच्याकडे असलेली, आणि तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती धुळीसकट उभी केली आणि १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. तुमची गाडी त्या भावाची नाही, पण धुळीचं तत्त्व तेच. धूळ कशावर समान बसलीय आणि कशावर नाही, यावरून कुठली वस्तू नंतर उघडली गेली ते कळतं. दरवाज्याच्या कडेला चिकटवलेलं ऑइल बदलल्याचं स्टिकर, सीटखालची पार्किंगची पावती, कार्पेटखालचं बिल हे सगळं पहिल्याच धुलाईत लगदा होऊन जातं.

मी काय करतो सांगतो. मोबाइलवर आधी व्हिडिओ काढत चारी बाजूंनी फिरतो, मग बॉनेट, डिकी, दोन्ही दरवाजे. प्रत्येक पट्टी, प्रत्येक रिबिट, प्रत्येक स्टिकर जवळून. सीटखाली हात घालून जे निघेल ते एका पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. यात अर्धा दिवस जातो. घरचे वैतागतात, जाऊ द्या.

नंबर वाचायचा कसा

या गाडीचा चेसिस नंबर इंजिनाच्या खोलीत फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्याच्यावर साठ वर्षांचा तेलकट मळ, दोन-तीन वेळा मारलेला रंग आणि नशीब वाईट असेल तर वर भरलेली लांबी (पुट्टी). इथे लोक वायर ब्रश घेतात किंवा पॉलिश पेपर. कृपा करा. मी सुरुवातीला ज्या वर्कशॉपमध्ये होतो तिथे एका पोराने हौसेने फायरवॉलवर सँडब्लास्टिंग मारलं आणि ठोकलेल्या आकड्यांच्या कडा इतक्या बोथट झाल्या की शेवटचे दोन आकडे पुढे कधीच खात्रीने वाचता आले नाहीत. गाडी अस्सल होती. आता ती तशी आहे हे शपथेवर सांगायला कुणी तयार नाही.

रॉकेल, मऊ फडकं आणि जुना टूथब्रश एवढंच लागतं. भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुसा, परत भिजवा. मळ निघाला की टॉर्च समोरून मारू नका. पत्र्याला चिकटवून बाजूने तिरका धरा, म्हणजे खोलगट भागात सावली पडते. आणि मग आपल्याकडची जुनी युक्ती. गाडी नावावर करताना आरटीओसाठी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायचे, आठवतंय? तेच करायचं. बटर पेपर चिकटपट्टीने ताणून लावा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा. सगळ्यात आधी उमटतो तो तारा, म्हणजे आकड्यांच्या मधली चांदणीची खूण, कारण तो खोल ठोकलेला असतो. मग एआर (अल्फा रोमिओची अक्षरं), मग आकडे. फोटोत जे दिसत नाही ते या कागदावर दिसतं. आकड्यांच्या आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या बारीक समांतर रेघा असतील तर त्याही इथेच उमटतात.

आकड्यांची ओळ वाकडी असली तर घाबरू नका. माणसाने हातोडीने एकेक ठसा ठोकला आहे. मला उलट फार सरळ ओळीची जास्त शंका येते.

एक घोटाळा इतक्या वेळा होतो की वेगळा सांगायला हवा. इटलीतल्या गाड्यांवर आय, जी, एम ही तीन अक्षरं, एक आकडा आणि पुढे ओ, एम असाही ठसा किंवा पट्टी असते. हा तिथल्या सरकारी वाहन खात्याचा मान्यता क्रमांक. त्या प्रकारच्या सगळ्या गाड्यांवर तोच असतो. लोक तोच मला चेसिस नंबर म्हणून पाठवतात, आणि वर सांगतात की हाच नंबर असलेली दुसरी गाडी इंटरनेटवर दिसली, म्हणजे आपली चोरीची. अहो, तो नंबर हजारो गाड्यांवर आहे.

दुसरा घोटाळा हस्ताक्षराचा. इटालियन कारकुनाच्या हातातला १ डोक्यावर लांब शेंडी घेऊन येतो आणि अमेरिकन कारकून तो ७ वाचतो. आपल्याला यात हसायला जागा नाही. आपला १ बघून जग ९ म्हणतं. तारखेचंही तसंच. इटालियन कागदावर ४-७-५७ म्हणजे चार जुलै, इथल्या नोंदीत ती सात एप्रिल होऊन बसते. म्हणून जुना कागद आणि पत्रा यांच्यात एकाच आकड्याचा फरक असेल, आणि तो १-७ चा असेल, तर पत्र्याचं खरं माना.

चार तारखा

आता मुख्य गोष्ट. जुलिएत्ता स्पायडरची बॉडी तुरीनमध्ये पिनिन फारिनाच्या कारखान्यात बनायची. तिथून ती मिलानला अल्फाच्या पोर्तेल्लो कारखान्यात यायची, तिथे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक चढायचे. मग गाडी विक्रीला निघायची, जहाजात चढायची, अटलांटिक ओलांडायची, शोरूममध्ये उभी राहायची, आणि कधीतरी विकली जाऊन एखाद्या राज्याच्या दप्तरात तिची नोंद व्हायची. म्हणजे बॉडीचं वेळापत्रक वेगळं, गाडी पुरी झाल्याची तारीख वेगळी, कारखान्याने विकल्याची वेगळी आणि नोंदणीची वेगळी.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत परदेशी गाडीच्या कागदावर ती विकली गेली ते वर्ष पडायचं. सत्तावनच्या उन्हाळ्यात बनलेली गाडी शोरूममध्ये रेंगाळली आणि एकोणसाठला खपली, तर कागदावर १९५९. यात फसवणूक नाही. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला असतो ना, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली? तसंच हे. आजोबा खोटे नसतात, आणि दाखलाही खोटा म्हणवत नाही. तो दाखला शाळेत घातल्याचा असतो.

तेव्हा एक वही घ्या आणि चार रकाने पाडा. कुठली माहिती कुठल्या रकान्यात जाते ते ठरवल्याशिवाय वर्ष बोलू नका. फोनवर मला ज्या 'विसंगती' सांगतात त्यातल्या बऱ्याच इथेच विरघळतात.

नंबर काय बोलतो

१९५९ पर्यंतच्या जुलिएत्तांना ७५० मालिका म्हणतात आणि पुढच्यांना १०१. साधी स्पायडर ७५०डी, जास्त ताकदीची 'वेलोचे' ७५०एफ. या जुन्या स्पायडरचा चेसिस नंबर एआर १४९५, मग तारा, मग अनुक्रमांक असा असतो. तुमच्या बटर पेपरवर एआर १४९३ उमटलं तर तो बंद छताच्या स्प्रिंटचा आकडा आहे, आणि मग स्पायडरच्या बॉडीत स्प्रिंटचा पत्रा का, हा खरा प्रश्न उभा राहतो. १०१ मालिकेत पुढे १०१०३ हा प्रकारांक आणि सहा आकडी क्रमांक दिसायला लागतात. १९६२ पासूनच्या १६०० सीसीच्या गाडीचं नाव जुलिया स्पायडर, आणि तिचा प्रकारांक १०१२३.

इंजिनाचा नंबर ब्लॉकवर वेगळा ठोकलेला असतो, आणि त्यातही आधी प्रकार, मग तारा, मग क्रमांक. ७५० मालिकेचं १२९० सीसीचं इंजिन १३१५ ने सुरू होतं. १०१ चं साधं ००१०२, वेलोचेचं ००१०६. ००११२ दिसलं की ते जुलियाचं १५७० सीसीचं, म्हणजे १९६२ च्या आधीचं असू शकत नाही. ००५३६ असेल तर त्याहून नंतरच्या १६०० चं, ००५४८ म्हणजे १७५०, ००५१२ म्हणजे दोन हजार सीसी. अमेरिकेत सापडणाऱ्या जुलिएत्तांत हे मोठे भाऊ सर्रास बसलेले असतात.

इथे 'मॅचिंग नंबर' या शब्दाने लोकांचा घात केलाय. अल्फात चेसिसचा आकडा आणि इंजिनाचा आकडा सारखा नसतोच, कारखान्यातून निघतानाही नव्हता. दोन्ही वेगळ्या रांगा. कुठल्या चेसिसला कुठलं इंजिन लागलं हे फक्त कारखान्याच्या नोंदीच जोडू शकतात. तेव्हा "आकडे जुळत नाहीत" हे वाक्य घेऊन मला फोन करू नका. "प्रकार जुळत नाही" असं म्हणा, मग बोलू.

पत्र्याची साक्ष

नंबर वाचता आला नाही, किंवा वाचूनही शंका राहिली, तर गाडीच्या अंगावरून बरंच कळतं. दरवाज्याच्या काचेपुढे छोटी त्रिकोणी काच आहे का बघा. ७५० ला ती नाही, १०१ ला आहे. बॉनेटवर हवेच्या तोंडासारखा उंचवटा असेल तर ती जुलिया. १६०० चं इंजिन उंच, म्हणून तो करावा लागला. आणि इथे गंमत होते. जुलिएत्तात १६०० चं इंजिन बसवलेल्याने बॉनेटही जुलियाचं आणून लावलेलं असतं. त्यामुळे नुसत्या बॉनेटवर विश्वास ठेवू नका.

माझा भरवसा मापावर. ७५० च्या स्पायडरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर, २२०० मिलिमीटर, १०१ चा २२५०. पाच सेंटिमीटरचा फरक कुणी गॅरेजमध्ये बसून करत नाही. पण टायर बसलेल्या, हब गंजलेल्या गाडीला टेप लावून हे मोजता येत नाही. टेप कुठे धरायची यावरच पाच सेंटिमीटर जातात. गवंड्याचा ओळंबा आणा. स्टीअरिंग सरळ करा. पुढच्या चाकाच्या बरोब्बर मध्यावर दोरा धरून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने फुली मारा. मागच्या चाकाला तसंच. आता गाडीला विसरून दोन फुल्यांमधलं अंतर मोजा. दोन्ही बाजूंनी करा. एका बाजूला २२०२ आणि दुसऱ्या बाजूला २१८५ आलं तर गाडी लहान व्हीलबेसची आहे आणि कधीतरी कुठेतरी धडकलीही आहे. एका फटक्यात दोन बातम्या.

गिअरबॉक्स खालून बघा. जुन्याचं आवरण एकसंध बोगद्यासारखं आहे, नंतरच्याचं दोन उभ्या भागांत जोडलेलं. मात्र १९५९ च्या सांध्यावरच्या गाड्यांत थोडी सरमिसळ सापडते. फडताळातला जुना माल संपेपर्यंत कारखाना तो वापरतोच. तेव्हा एकाच वस्तूवरून निकाल देऊ नये.

बॉडीवाल्याचं नाव ही माझी आवडती खूण. १९६१ पर्यंत 'पिनिन फारिना' असे दोन शब्द होते. बात्तिस्ता फारिना याचं टोपणनाव पिनिन, म्हणजे धाकटा. १९६१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने आडनावच 'पिनिनफारिना' असं एक झालं, आणि कंपनीचंही. त्यामुळे सत्तावनच्या गाडीवर एका शब्दातला बिल्ला असेल तर तो बिल्ला नंतर आलेला आहे. गाडी तेवढ्याने खोटी ठरत नाही. बिल्ले चोरीला जातात, पोरं उचकटतात.

रंग शेवटी. बाहेरचा रंग काहीही सांगत नाही, कारण या गाड्या लाल केल्याशिवाय विकल्या जात नाहीत अशी एके काळी समजूत होती. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, हीटरमागे, दरवाज्याच्या पॅडमागे बघा. रंगारी तिथवर पोचत नाही. नाहीच दिसला तर डिकीत स्टेपनीखाली रुपयाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने ओली घासा. कापलेल्या कांद्यासारखी वलयं दिसतात. आतल्या प्रायमरला चिकटलेलं पहिलं वलय म्हणजे गाडीचा जन्माचा रंग.

'वेलोचे आहे म्हणतात'

पैशाचा प्रश्न इथे येतो. वेलोचे दुर्मीळ, म्हणून महाग, म्हणून साध्या गाडीला वेलोचे करण्याचा मोह. साध्या गाडीला एक सोलेक्स कार्ब्युरेटर, वेलोचेला बोलोन्याच्या वेबरचे दोन ४० डीसीओ३ आणि सुमारे ९० अश्वशक्ती. वेबर पुढे बसवता येतात, दुकानात मिळतात. तेवढ्यावरून वेलोचे म्हणणं म्हणजे शेरवानी घातली म्हणून नवरदेव म्हणण्यासारखं आहे. ७५० वेलोचेच्या इंजिनात १३१५ च्या ताऱ्यानंतरचा पाच आकडी क्रमांक ३ ने सुरू होतो. साध्या क्रमांकाच्या ब्लॉकवर दोन वेबर दिसले तर किंमत ठरवण्याआधी कारखान्याचं उत्तर येऊ द्या. विकणारा घाई करत असेल तर तेही एक उत्तरच समजा.

मिलानला पत्र

वहीतले दोन रकाने फक्त कारखाना भरू शकतो. मिलानजवळ आरेसेला अल्फाचं संग्रहालय आहे आणि तिथेच दस्तऐवज केंद्र. आता हे काम अल्फा ज्या उद्योगगटात आहे त्याच्या हेरिटेज विभागाकडून चालतं आणि तिथून उत्पत्तीचा दाखला मिळतो: गाडी कुठल्या तारखेला बनली, कधी आणि कुठे विकली, रंग कोणता. अर्ज करताना नंबर टाइप करून पाठवू नका, ठशाचा फोटो आणि पेन्सिलीचा कागद स्कॅन करून पाठवा. तुम्ही वाचलेला नंबर चुकीचा असेल तर ते दुसऱ्याच गाडीचा दाखला देतील, आणि तुम्ही जन्मभर दुसऱ्याच गाडीचा रंग शोधत बसाल. इंजिनाचा नंबर त्यात दर वेळी मिळेलच असं धरू नका.

गाडी काही काळ इटलीतच चालली असेल तर दुसरा दरवाजा आहे. इटलीत १९२७ पासून वाहनांचं सार्वजनिक नोंदणी पुस्तक आहे, पीआरए नावाचं, आणि तिथला मोटारसंघ ते सांभाळतो. त्यातून एका गाडीच्या मालकांचा क्रमवार उतारा निघतो, आपल्या सातबाराच्या फेरफारासारखा. एक मालक, दुसरा मालक, मग 'निर्यातीसाठी रद्द'. पण हा उतारा नंबरप्लेटवरून निघतो, चेसिसवरून नाही. म्हणून जुनी प्लेट, जुना फोटो, इटालियन नोंदपुस्तिका, यांतलं काही सापडतंय का ते शोधा. प्लेटवरची पहिली अक्षरं प्रांताची: एमआय म्हणजे मिलानो, टीओ म्हणजे तोरिनो (तुरीन). माणूस दुसऱ्या प्रांतात राहायला गेला की प्लेट बदलायची, त्यामुळे एकाच गाडीच्या दोन-तीन प्लेट असू शकतात.

आणि प्लेटवर ई, ई अशी दोन अक्षरं असतील तर पुस्तकात शोधत बसू नका. ती परदेशी प्रवाशांसाठीची तात्पुरती प्लेट. अमेरिकन माणूस सुट्टीवर जायचा, गाडी तिथेच ताब्यात घ्यायचा, दोन महिने फिरवून जहाजावर चढवायचा. अशा गाड्यांची इटलीतली नेहमीची नोंद झालेलीच नसते. एका बाईंनी यावरून गाडी चोरीची ठरवून वर्षभर झोप घालवली होती.

तरीही जुळत नसेल तर

काही गाड्या खरोखर अडतात. ठशाच्या भोवतीचा पत्रा नंतर वेल्ड केलेला असतो, किंवा पट्टीवर एक नंबर आणि पत्र्यावर दुसरा. पट्टी रिबिटवर आहे, ती कुणीही काढून लावू शकतो. माझ्या मते पट्टीचं वजन पत्र्यापेक्षा नेहमी कमी. फायरवॉल गंजून बदललेली असेल तर जुना तुकडा मालकाने जपून ठेवलाय का विचारा. म्हाताऱ्या मेकॅनिकांनी तो डब्यात टाकून ठेवलेला सापडतो. त्याच नंबरची दुसरी गाडी जगात कुठे फिरतेय असं कळलं, तर स्वतः भांडायला जाऊ नका. १९६२ पासून चालत आलेलं इटालियन अल्फा रोमिओ रजिस्टर आहे, त्यांच्यासमोर दोन्ही ठसे ठेवा.

दुसऱ्या घराण्यांचे नियम इथे आणू नका. फेरारीत त्या काळी रस्त्यावरच्या गाड्यांना विषम आणि शर्यतीच्या गाड्यांना सम आकडे दिले जात, आणि तरी डिनो २४६ ला सगळे समच. लाम्बोर्गिनी मिउरात चेसिस नंबर आणि उत्पादन क्रमांक अशा दोन वेगळ्या रांगा, आणि त्या एकमेकींच्या क्रमाने चालतही नाहीत. कागद संपले की माणसं विचारायची, हेही मिउराच्याच निमित्ताने दिसलं. 'द इटालियन जॉब' या १९६९ च्या चित्रपटाच्या सुरुवातीला जी नारिंगी मिउरा डोंगरात धावते, ती नेमकी कुठली याचा वाद अनेक वर्षं चालू होता. २०१९ मध्ये कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने कागद तपासले, गाडी तपासली, आणि ती शूटिंगला घेऊन जाणाऱ्या, पडद्यावर चालवणाऱ्या एन्झो मोरुत्सी या जुन्या कर्मचाऱ्याला गाठून विचारलं. मगच चेसिस ३५८६ वर शिक्का बसला. तुमच्या गाडीचा मोरुत्सी म्हणजे शेजारची आजी. तिला विचारा गाडी आली तेव्हा कुठल्या रंगाची होती.

त्या शेडमधल्या गाडीचं काय झालं

सुरुवातीला ज्या 'दादा'वाल्या मेसेजचं लिहिलं ती गाडी मी स्वतः जाऊन पाहिली. बटर पेपरवर एआर १४९५ उमटलं, तारा स्वच्छ, ग्राइंडरच्या रेघा नाहीत. ओळंब्याने डावीकडे २१९९, उजवीकडे २२०१. त्रिकोणी काच नाही. बॉनेट सपाट. म्हणजे अंगाने ती ७५०डी, कुठलीही शंका नाही. ब्लॉकवर मात्र ००११२. खाली वाकून पाहिलं तर एअर फिल्टरचं झाकण हातोडीने चेपून बसवलेलं, कारण उंच इंजिनावर सपाट बॉनेट लागेना. ज्याने बसवलं त्याने बॉनेट बदलायचे पैसे वाचवले आणि साठ वर्षांनी आमचं काम सोपं केलं.

स्टेपनीखाली घासलं तर लाल, मग पांढरा, मग एक करडा थर, आणि तळाशी फिकट आकाशी. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही राहायला आलो तेव्हा ती पांढरी होती, निळी कधीच नव्हती. बाईही बरोबर, पत्राही बरोबर.

आरेसेचा दाखला यायला काही आठवडे लागले. गाडी बनली १९५७ च्या उन्हाळ्यात, त्याच वर्षी न्यूयॉर्कला हॉफमनकडे रवाना, रंग 'चेलेस्ते', म्हणजे आकाशी. मग १९५९ पर्यंत ती कुठे होती? त्याचं उत्तर सीटखालच्या पिशवीत निघालं: एका सर्व्हिस बिलाचा अर्धा तुकडा, १९५९ चा वसंत, त्यावर मीटरचं वाचन १४३ मैल. शोरूममध्येच उभी होती बिचारी.

आता १६०० चं इंजिन बाकाखाली लाकडी चौकटीत ठेवलंय आणि आम्ही १३१५ शोधतोय. कुणाकडे पडलेलं असेल, ब्लॉक फुटलेला नसेल, तर ठशाचा फोटो पाठवा. आधी रॉकेलने पुसून, बाजूने टॉर्च मारून.